शिडाखालचे बिऱ्हाड

(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



गुढ़ियारीत बसून समुद्राविषयी ऐकणे काहीसे नवलाचे वाटेल. येथून सर्वांत जवळचा सागरकिनारा चार-पाचशे किलोमीटर दूर आहे. येथल्या मुलांना पाणी ठाऊक असते ते बूढ़ा तालाबाचे, तेलीबांध्याचे आणि खारून नदीचे. पण खारून शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी बंगालच्या उपसागराला. गुढ़ियारीच्या पन्हाळीतून वाहिलेले श्रावणातले पाणीही उशिरा का होईना, समुद्रालाच पोहोचते.

नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. तीवर सहा महिला अधिकारी होत्या. नौकाप्रमुख वर्तिका जोशी गढवालच्या, प्रतिभा जामवाल कुल्लूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या आणि स्वाती पी. विशाखापट्टणमच्या. या यादीत समुद्रकाठी वाढलेल्या एकट्या स्वाती. उरलेल्या पाच जणी जिथे लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथे रायपूरइतकीच लाटेची गाज ऐकू येत नाही. “आपल्याकडे कुठला समुद्र?” असे म्हणून मुलींच्या नकाशावरून तीन चतुर्थांश पृथ्वी पुसून टाकण्याची सवय ज्या घरांत असेल, त्या घरांनी ही यादी एकदा सावकाश वाचावी.

नौकेचे नाव ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील तारातारिणी देवीवरून ठेवलेले. दर्यावर्दी आणि व्यापारी या देवीला आपली रक्षणकर्ती मानत आले. देवीचे हे ठाणे छत्तीसगडच्या शेजारी, मात्र नौका घडली ती मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने ओलांडावे लागणाऱ्या या बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा कारखाना आहे. पूर्वी तेथे फायबरच्या लहान होड्या होत. महासागर ओलांडणारी शिडाची नौका बांधण्याचे काम त्यांनी प्रथम अंगावर घेतले ते ‘म्हादई’च्या वेळी. लाकडी पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांवर काचतंतूंचे थर चढवायचे, अशी ती बांधणी. आराखडा नेदरलँड्समधील, आणि गंमत अशी की त्याचे नाव ‘टोंगा’, म्हणजे प्रशांत महासागरातल्या एका उष्णकटिबंधीय द्वीपराज्याचे.

याच ‘म्हादई’वरून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या कीर्तीपेक्षा एका शाळेला त्यांचे पुढचे काम अधिक जवळचे वाटावे. परतल्यावर ते शिकवू लागले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली, त्यांच्या तयारीत दोंदे यांचा हात होता; ‘तारिणी’च्या सहा जणींचे मार्गदर्शकही तेच. त्या सहा जणी २०१६ मध्ये ‘म्हादई’वरून मॉरिशसला जाऊन आल्या होत्या, आणि प्रदक्षिणेपूर्वी ‘तारिणी’वरूनही त्यांनी तीच वाट पुन्हा एकदा गिरवली.

आता त्या घराकडे वळू. ‘तारिणी’ची लांबी १७ मीटर, सहा माणसांचे झोपणे, शिजवणे, दुरुस्त्या, औषधपाणी, नकाशे, सुटे भाग, सारे काही एवढ्यात. उष्णकटिबंधात व्यापारी वारे एकाच दिशेने दिवसेंदिवस वाहतात आणि नौका तितकेच दिवस एका कुशीवर कललेली राहते. भिंतीची जमीन होते. शेगडी म्हणून बिजागरीवर टांगलेली असते. घर कलले तरी ती सपाट राहते, नाहीतर उकळती आमटी स्वयंपाकिणीच्या अंगावर. झोपणारी व्यक्ती खाली घरंगळू नये म्हणून बिछान्याला कापडाची आड बांधतात. हिरवी भाजी पहिल्या आठवड्यातच संपते. कांदे, बटाटे आणि लिंबे टिकतात. पुढे हिरव्या घासासाठी मटकी-मुगाला मोड आणायचे. हे काम आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, आणि महासागरात त्याला भलताच मान आहे.

कपडे मात्र कधी धड वाळत नाहीत. खाऱ्या पाण्यात धुतलेल्या कापडातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. अंगावर मिठाचा थर, त्यावर घाम, त्यावर ऊन. मग कातडीला फोड येतात. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, आणि शेवटी गोडे पाणी मिळाले तर तांब्याभर.

चित्रांतली उष्णकटिबंधीय नौका नेहमी निळ्या पाण्यावर आरामात डुलताना दिसते. ज्या जागी ती खरोखर नुसती डुलते, ती जागा खलाशांना नकोशी असते. भूगोलाच्या पुस्तकात विषुववृत्तीय शांत पट्टा म्हणून जो शिकवला जातो, तो हाच. वारा पडतो, शिडे लोंबतात, मागून येणाऱ्या लाटांवर डोलकाठी उगाच इकडून तिकडे हिंदकळते आणि आतल्या खोलीची भट्टी होते. मध्येच काळा ढग येतो, अर्धा तास सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस. तेवढ्यात शिडे आवरायची, आणि तेवढ्यातच पाणीही धरायचे. २०१७ च्या नवरात्रात ‘तारिणी’ने याच पट्ट्यात विषुववृत्त ओलांडले. त्या वर्षीची दिवाळीही समुद्रावरच झाली, कारण ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदर लागले ते २३ ऑक्टोबरला.

पाणी धरण्याचे मोल अभिलाष टॉमी यांच्या सफरीत दिसले. परतीच्या वाटेवर त्यांच्या गोड्या पाण्यात डिझेल मिसळल्याचे उघडकीस आले. चहूकडे क्षितिजापर्यंत पाणी, आणि घोटभर पिण्याजोगे नाही. बंदर गाठावे तर न थांबता प्रदक्षिणा करण्याचा संकल्प तेथेच संपला असता. उरलेले पाणी मोजून पीत आणि विषुववृत्ताजवळचा पाऊस शिडांवरून साठवत त्यांनी मुंबई गाठली. उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

बेटाजवळ येणे हीदेखील विसाव्याची वेळ नव्हे. लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटे पाण्यापासून जेमतेम काही मीटर उंच. किनारा दिसण्याआधी माडांचे शेंडे दिसतात, आणि शेंडे दिसले की बेट फार दूर नसते. प्रवाळाच्या कड्यातून आत शिरायचे तर सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे हवा, तेव्हाच पाण्याचे रंग वाचता येतात. गडद निळे ते खोल, हिरवट ते उथळ, तपकिरी दिसले की खाली प्रवाळ. संध्याकाळी पोहोचणारी शहाणी नौका रात्रभर बाहेरच घुटमळते आणि सकाळची वाट पाहते. इतक्या दिवसांनी जमीन समोर असताना बाहेर थांबणे हा फार कठीण निर्णय असतो.

‘तारिणी’ने जानेवारी २०१८ मध्ये केप हॉर्नला वळसा घातला. दक्षिणेकडची ती वादळे, ती थंडी यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. नौका अडली मात्र त्या सगळ्यानंतर, घर जवळ आल्यावर. केप टाऊन सोडून गोव्याच्या वाटेवर असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये तिला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात शिरावे लागले. ठरलेल्या चार थांब्यांत हे बंदर नव्हते. सरावामुळे ती वाट मात्र ओळखीची होती.

मॉरिशसचे नाव मराठी माणसाला अनोळखी नसावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तेथे आहेत. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि तेथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते. चहूकडे दुसऱ्या भाषांचे पाणी असताना आपली भाषा कशी सांभाळायची, याचा अनुभव गुढ़ियारीतल्या मराठी शाळेला आणि त्या बेटाला सारखाच.

पोर्ट लुईला दुरुस्ती होईपर्यंत एप्रिल संपत आला. मे महिना अरबी समुद्रात चक्रीवादळांचा. त्या वर्षी १६ मेच्या सुमारास एडनच्या आखाताकडे एक वादळ उठले, त्याचे नावच ‘सागर’. ते १९ मेला सोमालियावर गेले. २१ मेला दुसरे, ‘मेकुनु’, आकार घेत होते. त्याच २१ मेला, समुद्राच्या पूर्व बाजूला, ‘तारिणी’ मांडवीच्या मुखातून आत आली. २५४ दिवस, त्यांपैकी १९९ प्रत्यक्ष समुद्रावर, आणि सुमारे २१,६०० सागरी मैल.

तीच नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा गोव्याहून निघाली. या वेळी दोघीच होत्या, दिलना के. आणि रूपा ए. त्याच वर्षी दोघींनी मॉरिशसला जाऊन येण्याचा सराव केला होता, आणि मार्गदर्शक होते दोंदे यांच्या तालमीत तयार झालेले अभिलाष टॉमी. सहा जणींत वाटलेली कामे आता दोघींत: पहारा, स्वयंपाक, शिडांची डागडुजी, पाण्याचा हिशेब. एक झोपली की दुसरी जागी. आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ रोजी, त्या गोव्यात परतल्या. त्या वर्षी मोसमी पाऊस वेळेआधी आला होता. मांडवीवर तो त्यांच्या आधीच पोहोचलेला होता.