ओंबी येण्याआधीची ओळख



डिसेंबरच्या मध्यावर नजफगडहून झज्जरच्या रस्त्याला लागलात, की दोन्ही हातांना गहू आणि मोहरी. गव्हाला पहिलं पाणी मिळून गेलेलं असतं, फुटवे येऊ लागलेले असतात. गाडीतून पाहणारा म्हणतो, काय सुरेख एकसारखं हिरवं शेत! पण त्या एकसारखेपणातच गोम आहे. त्या हिरव्यातलं काही गहू नसतं.

ते असतं मंडूसी. हरियाणात मंडूसी किंवा कनकी म्हणतात, दिल्ली आणि उत्तर प्रदेशाकडे गुल्ली डंडा. शास्त्रीय नाव फॅलॅरिस मायनर. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची आखूड, घट्ट, लांबट गोल ओंबी वर आली की शाळकरी पोरही ते ओळखतं. तेव्हा ओळखून मात्र काही हाती लागत नाही. तणनाशक फवारायचं ते पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी, आणि त्या वयात ना फूल असतं ना ओंबी. तणांच्या तक्त्यांवर, पुस्तकांत फुललेल्या झाडांचीच चित्रं का छापतात, हे मला कधी कळलेलं नाही. शेतकऱ्याला हवं असतं ते दोन-चार पानांचं रोप.

तर त्या वयात काय पाहायचं? रोप मुळासकट उपटा आणि आधी बुडखा पाहा. मंडूसीचा बुडखा लालसर-गुलाबी असतो, गव्हाचा पांढरट-हिरवा. मग पान खोडाला जिथे बिलगतं तो सांधा हलकेच उलगडा. गव्हाला तिथे दोन बाजूंनी खोडाला कवटाळणारे छोटे कान असतात, त्यांवर बारीक केस. मंडूसीला कान नाहीत. पातळ, पारदर्शक पडदा तेवढा उभा असतो. गव्हालाही पडदा असतो, पण आखूड. तिसरी भेटते ती रानजई, इकडे जंगली जई म्हणतात. तिलाही कान नाहीत, पण बुडखा लाल नसतो. शिवाय कोवळं पान वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं पीळ घेतलेलं दिसतं. गव्हाचं पान काट्याच्या दिशेनं वळतं. या तीन खुणा बोटांत बसल्या की भिंगाचीसुद्धा गरज उरत नाही.

शेत कुठलं, आधीचं पीक कुठलं, यावरूनही अर्धी ओळख पटते. सोनीपत, पानिपतकडे भातावर गहू घेतात, तिथे मंडूसीचं राज्य. ओलसर, भारी जमीन तिला मानवते. रेवाडी, झज्जरकडे बाजरीनंतर गहू असेल, जमीन हलकी असेल, तर रानजईवर नजर ठेवायची.

मंडूसीनं एवढं डोकं वर काढलं, त्याचा धागा हरितक्रांतीपर्यंत जातो. दिल्लीच्या वायव्येला कंझावलाजवळ जौंती नावाचं गाव आहे. 1960च्या दशकात पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ते बीजग्राम म्हणून हाती घेतलं, आणि मेक्सिकन वाणांच्या बुटक्या गव्हाचं बियाणं तिथल्या शेतकऱ्यांनी तयार केलं. देशाच्या पोटाला त्याचा केवढा आधार झाला, ते सांगायला नको. पण जुने उंच गहू तणाला सावलीत दाबून टाकायचे. गहू बुटका झाला, पाणी आणि खत वाढलं, आणि मंडूसीला ऊन, पाणी, खत तिन्ही मिळालं. बियाण्याच्या प्लॉटमध्ये गव्हासाठी जी दोन तणं आक्षेपार्ह मानतात, त्यांत एक मंडूसी आहे. दुसरं हिरनखुरी, म्हणजे आपली चांदवेल.

पुढे आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आलं. स्वस्त, सोपं, आणि वर्षानुवर्षं तेच. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला हिसारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातले आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी दाखवून दिलं, की काही शेतांतली मंडूसी या औषधाला दादच देत नाही. त्या वर्षांत कित्येकांनी उभा हिरवा गहू कापून गुरांना घातला. नंतर क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली, आणि काही ठिकाणी त्यांचीही तीच गत झाली. औषधापेक्षा पेरणीच्या पद्धतीनं जास्त हात दिला असं मला वाटतं. भातानंतर नांगरट न करता थेट गहू पेरला, तर खालचं बी वर येत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस पेरला, तर मंडूसीला उगवायला हवा असलेला गारवा पडेपर्यंत गहू पुढे निघून गेलेला असतो.

आता रुंद पानांची तणं. यांची ओळख त्या मानानं सोपी, पण चूक झाली तर महागात पडते, कारण क्लोडिनाफॉप फक्त गवतवर्गीय तणं मारतं. रुंद पानाला ते शिवतही नाही. बथुआ, म्हणजे आपला चाकवत, पहिल्या पानांपासून कळतो. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी असते, बोटाला लागते. त्याचाच भाऊ खरबथुआ. त्याची पानं गडद, चकचकीत, कडेला मोठे दात, आणि चुरडली की उग्र वास. बथुआ मात्र थंडीत दिल्लीच्या प्रत्येक भाजीबाजारात जुड्या बांधून येतो. खुरपणीला आलेल्या बायका तो वेगळा काढतात, आणि संध्याकाळी त्याचा रायता नाही तर पराठा होतो. इतकं चविष्ट तण क्वचितच असेल. फक्त फवारलेल्या शेतातला खाऊ नका.

जंगली पालक जमिनीलगत पसरट पानं टाकतो. सांध्यावर पातळ पापुद्र्याचं म्यान असतं. हरियाणाच्या काही भागांत तो आता मेटसल्फ्युरॉन या तणनाशकाला जुमानत नाही, तेव्हा फवारणीनंतर तोच उभा दिसला तर औषध बदला, मात्रा वाढवत बसू नका. कृष्णनीलाचं खोड चौकोनी असतं. तीन-तीन पानांच्या सेंजीकडे फारसं कुणी बघत नाही, आणि बघायचं कारणही सहसा पडत नाही. टू-फोर-डी हे रुंद पानांवरचं तणनाशक मारताना मात्र शेजारच्या शेताकडे बघा. मोहरी हे रुंद पानांचं पीक आहे. वाऱ्यावर गेलेल्या फवाऱ्यानं शेजाऱ्याची मोहरी वाकडीतिकडी होते, आणि मग पंचायत बसते.

काही तणं डोळ्यांना फसवतात. हरभऱ्यात, हलक्या जमिनीत प्याजी येते. पान कांद्याच्या पातीसारखं अरुंद आणि पोकळ, पण ते गवत नाही आणि गवताच्या औषधानं जात नाही. लव्हाळाही गवत नाही. त्याची दांडी बोटांत फिरवा, तीन कडा लागतील. गवताची दांडी गोल किंवा चपटी असते. निफाडच्या गव्हापासून नरेल्याच्या गव्हापर्यंत ही परीक्षा सारखीच चालते.

एक तण असं आहे की नुकसान होण्याआधी ओळखताच येत नाही. नूह, रेवाडी, महेंद्रगडच्या मोहरीत मरगोजा येतो. निपाणीकडचे तंबाखूवाले त्याच्या जातभाईला बंबाखू म्हणून ओळखतात. त्याला हिरवं पान नाही. मोहरीच्या मुळाला चिकटून तो जमिनीखालीच पोसतो आणि दोनेक महिन्यांनी फिकट दांडी वर काढतो. तोवर मोहरीचं नुकसान होऊन गेलेलं असतं. बी धुळीइतकं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकणारं. म्हणून फुलं वाळण्याआधी दांडी उपटायची आणि जाळायची. गुरांपुढे टाकायची नाही, कारण शेणावाटे तेच बी पुन्हा शेतात येतं. आणि अशा शेतात पुढची काही वर्षं मोहरी न घेता गहू किंवा हरभरा घ्यायचा.