पेटीवाल्या घरांत मिडी कंट्रोलर

मराठी मध्यमवर्गीय घरांत वाद्य म्हटलें कीं पेटी, हें समीकरण फार दिवसांचें आहे. तंबोरा जागा अडवितो, सतार वर्षानुवर्षें हात मागते. पेटी मात्र पलंगाखालीं मावते, आणि गणपतीच्या आरतीपासून नाट्यपदापर्यंत कोठेंहि अडून बसत नाहीं. भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्यें असलेलें नाहूर घेतलें, तरी तेथल्या दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांतून अशी पेटी सांपडायला फार शोध करावा लागणार नाहीं. अशाच घरांतील मुलगा किंवा मुलगी हल्लीं संगणकावर स्वतःची चाल बांधूं पाहते, आणि मग घरापुढें प्रश्न उभा राहतो, कीं मिडी कंट्रोलर म्हणून जी वस्तु मागितली जात आहे ती कोणती घ्यावी व तिच्यासाठीं किती पैसे मोजावे. प्रश्न क्षुल्लक नव्हे. दहा हजारांची वस्तु चार महिन्यांत माळ्यावर गेली, तर तिच्याबरोबर मुलाची हौसहि माळ्यावर जाते.

पहिली गोष्ट अशी, कीं रूढ अर्थानें हें वाद्यच नव्हे. पेटीच्या पट्टीखालीं पितळेचा सूर असतो. भात्यांतला वारा त्याला हलवितो आणि नाद निघतो. मिडी कंट्रोलरच्या पट्टीखालीं नुसता खटका असतो. कोणती पट्टी दाबली, किती वेगानें दाबली, केव्हां सोडली, एवढीच वर्दी तो तारेनें संगणकाला पोंचवितो. आवाज काढण्याचें काम संगणकांतल्या सॉफ्टवेअरचें. खोकें उघडून पट्टी दाबली आणि घरांत शांतता पसरली, म्हणजे वडील मंडळींना आपण फसलों असें वाटतें. पण हें मुकेपणच त्याचें सामर्थ्य आहे. एकाच पटावर आज सनई, उद्यां पिआनो आणि परवां तबला वाजूं शकतो. वर्दीची ही भाषा १९८३ सालची. त्या वर्षीं जानेवारींत अमेरिकेंतील एका वाद्य-प्रदर्शनांत दोन भिन्न कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनें जोडून दाखविण्यांत आले. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना त्या कामाबद्दल २०१३ सालीं तांत्रिक ग्रॅमी पारितोषिक मिळालें. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कारखानदारांनीं एक भाषा मान्य करावी आणि ती चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकावी, हें यंत्रांच्या जगांत विरळाच घडतें. ग्राहकाचा लाभ असा, कीं कोणत्याहि कंपनीचा कंट्रोलर कोणत्याहि सॉफ्टवेअरशीं बोलतो.

आतां निवडीकडे वळावें. जाहिरातींतून दिवे, गुंड्या आणि रबरी चौकोनांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. पेटीवर तयार झालेल्या हाताला त्यांचा उपयोग थोडा. त्याचे खरे प्रश्न निराळे आहेत.

सर्वत्र दिसणारी पेटी साडेतीन सप्तकांची, म्हणजे ४२ पट्ट्यांची असते. ३७ व ३९ पट्ट्यांच्याहि असतात. स्वस्त कंट्रोलर बहुधा २५ पट्ट्यांचे, म्हणजे जेमतेम दोन सप्तकांचे. वरच्या किंवा खालच्या सप्तकासाठीं बटण दाबावें, अशी त्यांत सोय असते. परंतु मंद्रांतून निघून तार षड्जाला स्पर्श करून परत येणारी तान वाजवितांना मध्येंच बटण शोधणें म्हणजे गाणाऱ्यानें तानेच्या मध्यावर चष्मा पुसण्यासारखें आहे. शिवाय या लहान पटांच्या पट्ट्या बहुधा अरुंद असतात. पेटीच्या संवयीचें बोट एका वेळीं दोन स्वर दाबतें. ज्याला केवळ तालाचे ठेके किंवा छोटे तुकडे रचावयाचे आहेत त्याला अकाईचा एमपीके मिनी किंवा आर्टुरियाचा मिनीलॅब पुरेसा आहे. तो फूट-सव्वा फुटाचा असतो व दप्तरांत बसतो. पण ज्याला दोन स्वर सलग वाजवावयाचे आहेत त्यानें ४९ पट्ट्यांखालीं येऊं नये. एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ हा या वर्गांतील साधा व जवळजवळ रुक्ष कंट्रोलर. त्याला रबरी चौकोन नाहींत, रंगीत दिव्यांची आरास नाहीं, आणि पेटीवाल्या घराला तोच अधिक मानवतो. लांबी सुमारें अडीच-पावणेतीन फूट. टेबलावर तेवढी जागा आहे कीं नाहीं हें फूटपट्टीनें मोजावें, अंदाजानें नव्हे.

दुसरा प्रश्न डाव्या हाताचा. आणि याचा विचार दुकानांत क्वचितच कोणी करतो. पेटीवर उजवा हात स्वर निवडतो आणि डावा हात भाता हलवून त्या स्वरांत प्राण ओततो. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, आवाज भात्यावर ठरतो. कंट्रोलरवर याच्या उलट आहे. तेथें प्रत्येक आघाताचा वेग मोजला जातो व त्यास १ ते १२७ पर्यंतचा आंकडा मिळतो. त्यामुळें वर्षानुवर्षें पेटी वाजविलेल्या माणसाचें पहिलें वादन येथें खडबडीत येतें. एक स्वर ओरडतो, दुसरा पुटपुटतो. हा त्याच्या बोटांचा दोष नव्हे. सॉफ्टवेअरमध्यें आघाताचा हा फरक बंद करतां येतो, आणि भात्याचें काम कंट्रोलरच्या डाव्या बाजूच्या चक्राकडे सोंपवितां येतें. चक्र वर नेलें कीं आवाज फुलतो, खालीं आणलें कीं मिटतो. म्हणून तेथें खरें चक्र आहे, पट्टीसारखी स्पर्शफीत आहे, कीं हात सोडतांच मूळ जागीं परतणारी दांडी आहे, हें पाहणें अगत्याचें. अशा दांडीवर भाता धरून ठेवतां येत नाहीं. एमपीके मिनीच्या बऱ्याच नमुन्यांना दांडी आहे, कीस्टेशनला दोन चक्रें आहेत. कोर्गच्या नॅनोकी-२ मध्यें तर चक्राचें काम बटणांवर भागविलेलें आहे. तो स्वस्त आहे खरा, पण डावा हात तेथें बेकार बसतो.

शेजारचें दुसरें चक्र स्वर वांकविण्यासाठीं असतें, आणि येथें पेटीवरच्या एका जुन्या वादाला हात लागतो. पेटीवर मींड निघत नाहीं आणि तिचे बारा स्वर बांधलेले, ही तक्रार इतकी तीव्र होती कीं १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढलें. ती बंदी तीस वर्षांनंतर, आणि तीहि हळूहळू, सैल झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं ई. क्लेमेंट्स यांच्या साह्यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच श्रुतींची पेटी करवून पाहिली होती, आणि आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. स्वयंभू गांधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर येतो, पेटीचा ४०० वर. हा १४ सेंटांचा फरक तंबोऱ्यासमोर कानाला टोंचतो. पुष्कळशा सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक स्वर असा वेगळा लावून घेतां येतो, आणि त्यासाठीं सुतार लागत नाहीं. मींडेचें चक्र सामान्यतः वर दोन व खालीं दोन पट्ट्यांइतकें वांकतें. अधिक हवें असल्यास सॉफ्टवेअरमध्यें वाढवावें. मर्यादा एवढीच, कीं साध्या कंट्रोलरवर दाबलेले सर्व स्वर एकदम वांकतात. म्हणून षड्जाचा आधार निराळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करून घ्यावा. पट्टी बदलण्याचें बटण मात्र बहुतेकांना असतें. आईची काळी पांच आणि मुलाची काळी एक या दोहोंसाठीं बोटें तींच ठेवून काम भागतें. पेटींत याच सोयीसाठीं स्केल-चेंजरचे वेगळे पैसे पडतात.

खर्चाचा हिशेब करतांना कंट्रोलरवरच सर्व रक्कम संपवूं नये. लहान पट पांच हजारांच्या आसपास सुरू होतात, आणि ४९ पट्ट्यांचा साधा पट साधारणतः पंधरा हजारांच्या आंत बसतो. गाणें रचण्याचें सॉफ्टवेअर विकत घ्यावेंच लागतें असें नाहीं. अॅपलच्या संगणकासाठीं गॅराजबँड आणि इतरांसाठीं एलएमएमएस विनामूल्य मिळतें. उरलेल्या पैशांतून चांगला तारेचा हेडफोन घ्यावा. येथें ‘तारेचा’ हा शब्द महत्त्वाचा. ब्लूटूथ हेडफोनमध्यें आवाज कानाशीं पोंचायला बहुधा सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. बोट पुढें आणि सूर मागें अशी स्थिति झाली कीं लय कोणालाहि सांभाळतां येत नाहीं, आणि दोष विनाकारण कंट्रोलरवर येतो. संगणकांतला विलंबहि कमी करतां येतो. सॉफ्टवेअरमधील बफर १०२४ वरून १२८ वर आणला, तर तेवीस सहस्रांश सेकंदांचे तीनच उरतात. शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागून असलेल्या इमारतींत हेडफोनचा आणखी एक उपकार आहे: रात्रीं अकरा वाजतां पेटी उघडतां येत नाहीं, हा पट उघडतां येतो.

खरेदी शक्यतों हात लावून करावी. नाहूरला जलद गाडी थांबत नाहीं, पण धीम्या गाडीनें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस गांठून धोबी तलावापर्यंत चालत गेलें कीं फुर्टाडोस यांच्यासारखीं वाद्यांचीं जुनीं दुकानें आहेत. तेथें संगणकाला जोडलेला पट मागावा. एकेक पट्टी अगदीं हलक्या हातानें दाबून सर्व पट्ट्या सारख्या बोलतात का, हें ऐकावें. चक्र अर्ध्यावर सोडून तें तेथेंच राहतें का, हें पाहावें. पायांतल्या पेडलसाठीं मागें भोंक आहे कीं नाहीं तेंहि विचारावें. ४९ पट्ट्यांचें खोकें धीम्या लोकलच्या गर्दींत न्यावयाचें असतें, तेव्हां दुपारीं दोन-तीनच्या सुमारास परतीची गाडी धरलेली बरी.