बांबूची जमीन: घालावी की नको?



घराचं काम निघालं की हल्ली लाकडी फ्लोअरिंगच्या दुकानात बांबूच्या पट्टीचा नमुनाही हातात देतात. गुळगुळीत, मधाळ रंगाचा. आवडला असेल तर भाव विचारण्याआधी आपल्या घरी जमीन कशी पुसली जाते, ते आठवा. बादलीत फडकं बुचकळायचं, अर्धवट पिळायचं आणि घरभर फिरवायचं. शहाबादी आणि कोटा हे वर्षानुवर्षं सोसतात. बांबू सोसत नाही. पाणी सांध्यांतून आत उतरतं, पट्टी फुगते, कडा वर येतात. बांबूला कोरडा झाडू आणि घट्ट पिळलेलं फडकं, एवढंच चालतं. हे आपल्या घरात रोज पाळलं जाणार असेल तरच पुढचा विचार करावा.

बांबू हे गवत आहे. चीनमधला मोसो बांबू पाच-सहा वर्षांत पक्व होतो आणि तोडल्यावर त्याच बेटात नवे कोंब येतात. सागाला यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. त्यामुळे पर्यावरणाच्या काळजीपोटी कुणी बांबू निवडला, तर मला मनापासून आनंद होतो. पण माल पारखून घ्या. साध्या प्रकारात चिरलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवतात, बांबूच्या गाठी वरून दिसतात. दुसऱ्या प्रकारात बांबूचे तंतू सुटे करून, रेझिनमध्ये भिजवून, प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. हा ओकच्या लाकडापेक्षाही कठीण असतो. साध्या प्रकारातला गडद तपकिरी रंग बांबू वाफेवर शिजवून आणलेला असतो आणि त्यात पट्टी थोडी मऊ पडते. जिथे खुर्च्या सरकतात तिथे ती घेऊ नये. दोन्हींत गोंद असतोच, म्हणून फॉर्मल्डिहाइडचं ई-वन किंवा ई-झिरो प्रमाणपत्र मागून घ्यावं.

आता ओल. उत्पादक साधारणपणे घरातल्या हवेत चाळीस ते साठ टक्के आर्द्रता गृहीत धरतात. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते. जमिनीतून ओल येते का, हे घरीच बघता येतं. हातभर प्लॅस्टिकचा कागद कोबावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. खाली पाण्याचे थेंब धरले किंवा कोबा काळवंडला, तर तिथे बांबू नको. तळमजल्यावर, स्वयंपाकघरात आणि मोरीलगत तर नकोच.

नव्या संसद भवनात त्रिपुराच्या बांबूची जमीन आहे, हे खरं. पण ती इमारत वातानुकूलित आहे. आपली चाळ किंवा बंगली तशी नसते. म्हणून बांबूच नको, असं नाही. २०१७ साली वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढणारा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. शेतकऱ्याला तो तोडणं, विकणं सोपं झालं. हे पीक वाढायला हवं, म्हणूनच चुकीच्या खोलीत घालून बांबूचं नाव खराब होऊ नये, असं मला वाटतं.

वरच्या मजल्यावरची झोपायची खोली, अभ्यासाची खोली, इथे खुशाल घाला. खोके आणल्यावर निदान तीन दिवस त्याच खोलीत राहू द्या. भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर फट सोडायला लावा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कारागीर ही फट टाळू पाहतील, त्यांना टाळू देऊ नका. विदर्भात उन्हाळ्यात पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसल्या तर घाबरू नका, पावसाळ्यात त्या भरून येतात. आणि त्याच लॉटचं एक खोकं जास्तीचं घेऊन ठेवा. पुढे एखादी पट्टी बदलायची वेळ आली, तर तोच रंग मिळत नाही.