हक्क आणि हजेरी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेला गिरणी कामगार. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर. चूकभूल माफ असावी.

परवा लोकलमध्ये दोघे बोलत होते, "या लोकांना सगळं फुकट पाहिजे." मी विचारलं, फुकट काय? कामगार विमा घ्या. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा त्याची आखणी सुरू झाली आणि १९४८ साली कायदा झाला. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. पंधरा हजारांवर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे जातात. ही काय भीक आहे? बेकारीत, म्हातारपणी, आजारपणात सरकारने साहाय्य करावे, हे संविधानाच्या ४१ व्या कलमातच आहे.

हे बाहेरच्यांना. आता घरातलं बोलतो, राग मानू नका.

पहिलं माझंच सांगतो. मी साचेखात्यात बदली होतो. तरणं वय, खिशात चार पैसे आले की खाडा. एकदा कावीळ झाली, दीड महिना अंथरुणावर. विम्याचे पैसे आणायला बायकोला पाठवलं, ती रिकाम्या हाताने आली. बरा झाल्यावर मी जाऊन कारकुनाशी भांडलो. जातीवरून अडवता, असंही म्हणालो. त्याने हिशेब पुढे ठेवला. नियमाइतके दिवसच भरले नव्हते. खाडे माझेच होते! तोवर बायकोने कानातलं मोडून घर चालवलं होतं. ते कानातलं अजून झालेलं नाही.

आजही सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तरच आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, तीही वर्षात ९१ दिवस.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार सुरू झाले. बायांनी ते मान ताठ ठेवून घ्यावेत. पण आपल्या गल्लीत धडधाकट बाप्ये त्या तारखेची वाट बघतात. बाई चार घरची धुणीभांडी करते आणि हा तिच्याकडे क्वार्टरला पैसे मागतो. गिरण्या गेल्या, हा आपला दोष नाही. वॉचमनच्या बारा तासांत पोट भरत नाही, हेही खरं, त्यासाठी मोर्चाला मी पुढे आहे. पण तथागतांनी सिगालाला आळशी माणसाची लक्षणं सांगितली आहेत. तो म्हणतो फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार उशीर झाला, आणि काम टाळतो. वाचताना मला माझाच चेहरा दिसला.

येत्या रविवारी दहा वाजता विहारात मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक आणा. बापाने स्वतः यावं, बायकोला पाठवू नये.

जयभीम.