टाटांचें दानपत्र आणि आमचा ज्युबिली-निधि

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



गोरगरीब आजाऱ्यांकरितां जो कायमचा निधि उभारावयाचा आहे, त्याविषयीं दोन शब्द बोलावे, अशी ज्युबिली-कमिटीची आम्हांस आज्ञा आहे. निधीचे नियम अजून ठरावयाचे आहेत. म्हणून उपदेश न करितां एका दानपत्राची हकीकत सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे. तें दानपत्र कोणा ख्रिस्ती मनुष्याचें नव्हे. सर दोराबजी टाटा ह्या पारशी कारखानदाराचें होय.

दोराबजी हे जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ चिरंजीव. वडिलांनीं मनांत आणिलेला पोलादाचा कारखाना त्यांच्या पश्चात् दोराबजींनीं तडीस नेला. पत्नी मेहेरबाई, मूलबाळ नव्हतें. पत्नीकरितां त्यांनीं एक हिरा घेतला होता, त्याचें नांव ‘ज्युबिली’. आपल्या ज्युबिलीच्या मंडपांत तें नांव निघावें, हा योगायोगच! व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ सालच्या महोत्सवावरून त्यास तें पडलें होतें. वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूराच्या दुपटीहून अधिक.

१९२४ सालीं पोलाद-कंपनीपाशीं कामगारांच्या पगारापुरताही पैसा उरला नाहीं. तेव्हां दोराबजींनीं आपली खाजगी मालमत्ता, तींत मेहेरबाईंचे दागिने व हा हिराही, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून सुमारें एक कोटि रुपयांचें कर्ज उभारिलें. घरचें सोनें गहाण टाकणें म्हणजे काय, हें येथें बसलेल्या माताभगिनींस आम्हीं सांगावयास नको.

१९३१ च्या जूनमध्यें मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. वर्ष पुरें होण्यापूर्वींच दोराबजींनीं दानपत्र केलें, आणि ३ जून १९३२ रोजीं जर्मनींत त्यांसही मृत्यु आला. टाटा सन्समधील शेअर, जमिनी, इमारती व पत्नीचे २१ अलंकार, असें जें कांहीं होतें तें सगळें त्यांनीं विश्वस्तांच्या हवालीं केलें. त्या वेळीं त्याची किंमत सुमारें एक कोटि रुपये होती. विद्या, संशोधन, दुःखितांस साहाय्य व इतर धर्मादाय कार्यें ह्यांकडे तें लावावें. आणि स्थळ, राष्ट्र वा धर्म ह्यांचा भेद करूं नये, एवढेंच त्या पत्रांत बंधन. कर्करोगाच्या ह्याच प्रकारावरील संशोधनासाठीं पत्नीच्या नांवें त्यांनीं एक निराळा निधि ठेविला. पुढें तो हिराही विकला गेला.

ह्या दानाची रचना नीट ध्यानीं घ्यावी. नफा झाल्यावर शेटजीनें खुशीनें चार पैसे द्यावे, अशी ती नाहीं. धंद्याचा हिस्साच निधीच्या मालकीचा, तेव्हां लाभांश हक्कानें निधीकडे येतो. टाटा सन्सच्या भांडवलापैकीं सुमारें ६६ टक्के हिस्सा आज अशा निरनिराळ्या टाटा निधींकडे आहे.

विश्वस्तांनींही पैसा नुसता वांटला नाहीं. समाजसेवा ही शिकावयाची विद्या आहे, हें त्यांस नागपाड्यांत सेवाकार्य करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यानें पटविलें. तिची शाळा १९३६ सालीं मुंबईंत निघाली, व तेच तिचे पहिले संचालक झाले. मिशनरी कॅथलिक नव्हता, विश्वस्तांनीं त्याचा धर्म पाहिला नाहीं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळास कर्करोगाचें हॉस्पिटल उघडलें. पुढें १९५७ सालीं तें सरकारच्या आरोग्यखात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति-खात्याकडे गेलें. परंतु लोकांच्या तोंडीं अजून ‘टाटा’ हेंच नांव आहे. त्याच्या दारीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येतात. कित्येक फूटपाथवर बिछाना घालून आपल्या पाळीची वाट पाहतात.

परंतु कथेची दुसरी बाजू लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. टाटांच्या वीज-कंपनीनें मुळशीस धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मावळच्या शेतकऱ्यांच्या पिढीजाद जमिनी पाण्याखालीं जाणार होत्या. १९२१ सालीं त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट, जे पुढें सेनापति म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांत अग्रभागीं होते. धरण झालेंच. त्या काळीं टाटांच्या पेढीचे मुख्य दोराबजीच होते. मग त्यांचें दान खोटें काय? आमच्या मतें खोटें नव्हे. पण ज्याचें शेत बुडालें त्याचा हिशेब परळच्या हॉस्पिटलानें फिटत नाहीं. न्यायाचें देणें निराळें, दानाचें निराळें. मजुरास पोट भरेल इतकी मजुरी देणें हा न्याय आहे, हें पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ सालच्या परिपत्रांत सांगितलेंच आहे.

आतां आपल्या निधीविषयीं आमच्या तीन सूचना. ज्यानें गड्याची वा बांधकामावरील मजुराची मजुरी थकविली असेल, त्यानें ती आधीं चुकती करावी. तोंवर त्याची देणगी कमिटीनें घेऊं नये. दुसरें, देणगीदारांच्या नांवांच्या पाट्या नकोत. आपल्या देवळांत पंख्यांच्या पात्यांवरही नांवें रंगविलेलीं आहेत; पंखा फिरूं लागला म्हणजे तीं वाचतां येत नाहींत, एवढेंच समाधान!

तिसरी सूचना कांहींजणांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. मसुद्यांत ‘धर्मग्रामांतील कॅथलिक आजाऱ्यांस’ असे शब्द आहेत. त्यांतील ‘कॅथलिक’ हा शब्द काढून ‘ह्या गांवांतील कोणत्याही आजाऱ्यास’ असें लिहावें. पैसा आपला, मग लाभ दुसऱ्यांस कां, असें आम्हांस दोघांतिघांनीं विचारिलें. आपल्यांतील जे परळास उपचार घेऊन परतले, त्यांच्यापाशीं तेथें बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता काय, हें त्यांनींच घरीं जाऊन आपल्या माणसांस विचारावें.

मसुदा आमच्या निवासांत मेजावर ठेविला आहे. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मतें घेतलीं जातील. तत्पूर्वीं प्रत्येक कुटुंबांतील एकानें तरी तो वाचून यावें, अशी आमची विनंति आहे.