उघडं काय, झाकलेलं काय



अध्यक्षाने आधी आभार मानावेत आणि मग आपण या पदाला कसे अपात्र आहोत ते सांगावं, अशी प्रथा आहे. आभार मनापासून मानतो. दुसरा भाग गाळतो, त्यावर चहाच्या वेळी तुम्ही बोलालच.

इथे बसलेले बहुतेक वकील सरकारचे, जिल्हा परिषदेचे, एखाद्या नगरपरिषदेचे किंवा ग्रामपंचायतीचे सल्लागार आहेत. आपल्याकडे फाईल येते ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. निविदा उघडलेली असते, तुलनात्मक तक्ता झालेला असतो, निधी परत जायची भीती असते आणि शिपाई दारात उभा असतो : "वकीलसाहेब, अभिप्राय आजच व्हयो." त्या घटकेला सल्ला कोणालाच नको असतो. ठेकेदार ठरला, आता कागद तेवढा कायद्यात बसवून द्या, एवढंच मागणं असतं.

खरं तर वकिलाचं काम निविदेची जाहिरात निघण्याआधीचं. रमणा दयाराम शेट्टी प्रकरण आपण सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं आहे. मुंबई विमानतळावरचं उपाहारगृह चालवायला द्यायचं होतं. निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती आणि ती पुरी न करणाऱ्यालाच काम दिलं. १९७९ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते. याचिकाकर्त्याच्या हाती मात्र काही लागलं नाही. तो उशिरा आला होता आणि तोवर समोरच्याचा खर्च होऊन गेला होता. हा दुसरा भाग आपल्या कार्यालयांना फार आवडतो. "कोण एवढ्या लांब मुंबईला जाणार?" हा हिशोब कितीतरी फायलींमागे असायचा.

तो हिशोब आता मोडला. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. सकाळी घाट चढलेला ठेकेदार दुपारी कोर्टात उभा राहू शकतो. अट कोणी घातली, का घातली आणि कोणासाठी शिथिल केली, याची उत्तरं टिप्पणीत आधीच लिहिलेली नसतील, तर स्थगितीच्या अर्जाला तोंड देताना ती सुचणार नाहीत.

मालवणात उभं राहून राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याबद्दल न बोलणं खोटेपणाचं होईल. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील, त्यावर मी बोलणार नाही. पण आपल्या धंद्याचा एक प्रश्न त्यात आहे. काम नौदलाच्या देखरेखीखाली झालं आणि निधी राज्याचा होता. नटबोल्ट गंजताहेत असं सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला लेखी कळवलं ते २० ऑगस्टला, म्हणजे पडण्याच्या सहा दिवस आधी. दोन सरकारी यंत्रणा एकमेकींना पत्रं लिहितात तेव्हा त्या पत्राला किती दिवसांत कोणी काय करायचं, हे करारात असायला हवं. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं हे इथल्या कुठल्याही होडीवाल्याला ठाऊक असतं, करार लिहिणाऱ्याला तो वारा कोणीतरी सांगावा लागतो. नव्या पुतळ्याच्या निविदेत दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर टाकली. असं कलम पहिल्याच मसुद्यात घालायला आपण शिकलं पाहिजे.

आता दुसरा विषय, खासगीपणाचा. तो निविदांच्या विषयाहून वेगळा आहे असं समजू नका.

आपल्या कार्यालयांत एक विचित्र उलटापालट झाली आहे. एका कार्यालयाच्या फळ्यावर मी वादळाच्या भरपाईची यादी पाहिली. नाव, गाव, रक्कम, बँक खातं आणि आधार क्रमांक, सगळं पावसात भिजत लटकलेलं. त्याच कार्यालयात एका कामाचा तुलनात्मक तक्ता मागितला तर "गोपनीय आहे" असं उत्तर आलं. लाभार्थ्याचं नाव आणि रक्कम जाहीर करायला माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये आधार आहे. आधार क्रमांक चारचौघांत लावायला २०१६ च्या आधार कायद्याचं कलम २९ मनाई करतं. म्हणजे विधवा बाईचं बँक खातं आपण गावाला दाखवतो आणि ठेकेदाराचा दर तिजोरीत ठेवतो.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला तो त्या बाईसाठी. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हटलं की नकार देता येतो. सिंधुदुर्गातले कितीतरी ठेकेदार एकल मालकीचे, ठेका स्वतःच्याच नावावर. उद्या जनमाहिती अधिकारी त्यांचं देयकही वैयक्तिक माहिती म्हणून नाकारील आणि पहिल्या अपिलाच्या वेळी पाठबळासाठी आपल्याकडे येईल. ते देऊ नका. कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे त्याला लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं.

त्याहून सोपा उपायही आहे. निविदेच्या अटींतच लिहा की करार, दर, मुदतवाढ आणि प्रत्येक देयक संकेतस्थळावर व फळ्यावर प्रसिद्ध केलं जाईल आणि निविदा भरणाऱ्याची त्याला संमती आहे. सही करणाऱ्याला मग वैयक्तिक माहितीची ढाल पुढे करणं जड जाईल. लाभार्थ्यांच्या अर्जावर याच्या उलट लिहा : खातं आणि आधार क्रमांक फक्त रक्कम जमा करण्यापुरता वापरला जाईल, यादीत येणार नाही. नव्या कायद्याची बहुतेक बंधनं मे २०२७ पासून लागू होणार आहेत. तोवर फॉर्म बदलून घ्यायला वेळ आहे, फक्त कोणीतरी तालुक्या-तालुक्यात बसून ते करायला हवं.

या दोन्ही कलमांचा कच्चा मसुदा तुमच्या पिशवीत ठेवला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर भांडा. माझ्या मते पहिल्या कलमातली मुदतवाढीची भाषा सैल राहिली आहे, सुरुवात तिथूनच करावी.