दुखण्यावर लाल उजेड

(परतूर येथे बचत गटांतल्या आणि शेतमजूर बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुम्हीच काढलेला आहे. मागच्या बैठकीत बचत गोळा झाली, चहा झाला, आणि कर्जाच्या मागण्या लिहून घेताना एक मावशी म्हणाल्या, 'माझे आठ हजार लिही गं. लाल लाइटचं मशीन घ्यायचंय, गुडघ्याला.' त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघींनी हात वर केले. बियाण्याला, लेकराच्या फीला, शेळीला, नवऱ्याच्या मोटरसायकलच्या हप्त्याला कर्ज मागणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या. स्वतःच्या गुडघ्यासाठी कर्ज मागणारी बाई मी या कामात पहिल्यांदा पाहिली. त्यामुळे आधी मला आनंदच झाला. घरी जाताना मात्र काळजी वाटायला लागली, कारण त्या मशीनबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं. म्हणून महिनाभर वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते आहे.

आपल्याकडे लाइट म्हणजे वीज. लाइट आली, लाइट गेली. म्हणून 'लाइटचा उपचार' म्हटलं की पुष्कळ जणींना वाटतं, अंगाला करंट देतात. तसं नाही. हा उपचार उजेडाचा आहे.

त्यातही एक घोटाळा आधी सोडवू या. बाजारात दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्हींना लोक 'लाल दिवा' म्हणतात. एक जुना, मोठ्या लाल बल्बचा. मेडिकलच्या दुकानात मिळतो, हजाराच्या आत-बाहेर. तो शेक देतो. विटेचा शेक, मिठाची पुरचुंडी, गरम केलेलं रुईचं पान, निरगुडीचा पाला, त्याच जातीचं त्याचं काम. ऊब लागते, आखडलेला स्नायू सैल होतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. दुसरी वस्तू नवी. पट्टा असतो किंवा पाटीसारखा फलक, त्यात बारीक बारीक एलईडी दिवे. तो फारसा तापत नाही. त्यातून ठरावीक लाल उजेड निघतो, आणि लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेडही निघतो. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्याच जातीचा. रिमोटचं बटण दाबून त्याच्या टोकाकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक मोबाइलमध्ये ठिपका चमकलेला दिसेल. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

मावशींना जे विकायला आले होते ते हे दुसरं. विकणारा म्हणाला, 'नासाचं संशोधन आहे.' हे अगदीच खोटं नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने अवकाशात रोपं वाढवण्यासाठी एलईडी दिव्यांवर काम करवून घेतलं, आणि पुढे त्याच दिव्यांनी जखमा भरतात का हेही तपासायला मदत केली. पण त्यावरून दारावर आलेलं हे मशीन नासाचं होत नाही. परतूरला रेल्वे येते म्हणून स्टेशनवरची प्रत्येक रिक्षा रेल्वेची होते का?

या उपचाराची सुरुवात हंगेरी देशातल्या बुडापेस्ट शहरात झाली. एंड्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी 1967 साली उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे मंद लेसरचा उजेड टाकला. उजेडाने कर्करोग होतो का हे त्यांना बघायचं होतं. कर्करोग झाला नाही, उलट केस लवकर उगवले. तिथून पुढे हे शास्त्र वाढलं. शास्त्रज्ञांचं मानणं असं, की आपल्या प्रत्येक पेशीत अन्नापासून ताकद तयार करणारी एक बारीकशी गिरणी असते. त्या गिरणीतला एक भाग हा उजेड शोषतो, गिरणी जरा जोरात चालते, आणि सूज व ठणका कमी व्हायला मदत होते. सगळे दुवे अजून जुळलेले नाहीत, पण हे थोतांड नाही.

मग गुण येतो का? तो कशाला येतो, हे बघितलं पाहिजे.

मानेच्या दुखण्यावर बऱ्यापैकी पुरावा आहे. 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 16 चाचण्यांचा एकत्र आढावा आला, 820 माणसांचा. मंद लेसरने मानेचं दुखणं कमी झालं, आणि जुन्या दुखण्यात हा फरक उपचार संपल्यावरही काही आठवडे टिकला. गुडघ्याच्या झिजेवर 2019 साली 22 चाचण्यांचा आढावा निघाला. त्यात गुडघ्याचं दुखणं कमी झालेलं दिसलं, पण उजेडाची मात्रा बरोबर असेल तिथेच. कमी मात्रेत गुण नाही. कंबरेच्या दुखण्यावर 2008 साली असाच आढावा घेतला, त्यात सात लहान अभ्यास होते, आणि निष्कर्ष निघाला की ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. आपल्या बायांची सगळ्यात मोठी तक्रार कंबरेची, आणि नेमका तिथेच पुरावा लंगडा आहे.

दुसरी गोष्ट. हे अभ्यास बहुतेक दवाखान्यातल्या लेसरवर झालेले आहेत. शिकलेला माणूस मोजून मात्रा देतो, आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे. घरी बांधायचा पट्टा वेगळा. त्यातून किती उजेड निघतो आणि त्यातला किती आत जातो, हे डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. बराचसा उजेड कातडीतच अडतो. पिकाला कमी पाणी दिलं तरी वाळतं, जास्त दिलं तरी सडतं, तसंच याचं आहे. तासभर लावून बसलं म्हणजे जास्त गुण, असं होत नाही.

(इथे एका ताईंनी विचारलं, 'मग त्या शेजारणीला कसं बरं वाटलं?')

ताई, तिला बरं वाटलं असेल, मी तिला खोटी म्हणणार नाही. उजेडाने वाटलं असेल. किंवा असं बघा, रोज वीस मिनिटं ती बाई पाय लांब करून एका जागी बसली. मशीन लावलंय म्हणून सासूनेही हाक मारली नाही. आपल्यापैकी किती जणींना दिवसातून वीस मिनिटं असं बसायला मिळतं?

आता दुखण्याकडे येऊ. मशीनपेक्षा मला बोलायचं आहे ते यावर.

आपली कंबर कशाने दुखते? खुरपणीला दिवसभर उकिडवं बसून पुढे सरकायचं. कापूस वेचताना ओटी कमरेला बांधायची, ती भरत जाते तसं ओझं कमरेवर येतं, आणि वेचणीचा पैसा किलोवर असतो म्हणून बाई ओटी लवकर रिकामी करत नाही. सोयाबीनच्या सोंगणीला वाकलेलंच राहायचं. घरी आलं की हंडे. बाळंतपणानंतर किती दिवसांत रानात गेलात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. हे दुखणं डॉक्टरला सांगितलं की सुई मिळते. मेडिकलवाल्याला सांगितलं की गोळीची पट्टी मिळते, नाव न विचारता. दुखण्याची गोळी महिनोन्महिने खाल्ली तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडतं. त्या मानाने लाल उजेड निरुपद्रवी आहे, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

आणि गोळीच्या पुढची पायरी आपण शेजारच्या बीड जिल्ह्यात पाहिली. ऊसतोड बायांच्या कंबरदुखीला, ओटीपोटाच्या दुखण्याला, पांढऱ्या पाण्याला एकच उत्तर दिलं गेलं, पिशवी काढा. 2019 साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आपल्या भागातूनही बाया कोयते घेऊन जातात, तेव्हा हे परक्यांचं दुखणं नाही. काहींना त्या शस्त्रक्रियेची गरज असेलही. पण 'तुझं काम काय, वजन किती उचलतेस, मुकादमाचा खाडा किती पडतो' हे कोणी विचारलं का?

कुठे दुखतं एवढंच विचारून जो उपाय विकतो, त्याच्याकडे मी जरा संशयानेच बघते. मग त्याच्या हातात सुरी असो, सुई असो की लाल पट्टा.

काही दुखण्यांवर मात्र लाल दिवा लावत बसलात तर घात होईल. कंबरदुखी आहे आणि संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, रात्री झोपेत ठणका लागतो, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही, आणि औषधाने बरा होतो. पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना. पडल्यानंतरचं दुखणं असेल तर एक्सरे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून गेलं तर तपासणी. यात मशीनवाल्याला विचारायचंच नाही.

माझ्या घरातलं सांगते. माझ्या आईला साखरेचा आजार आहे. पाय दुखतात म्हणून मीच तिला तो जुन्या प्रकारचा शेकाचा दिवा आणून दिला. पाय बधिर झालेले आहेत हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, पण दिवा आणि बधिर पाय या दोन गोष्टी आम्ही जोडून बघितल्या नाहीत. टीव्ही बघत तिने दिवा पायाशी लावला. चटका बसला तो तिला कळलाच नाही. फोड आला, तो चिघळला, तीन महिने पट्ट्या बदलल्या. एमएसडब्ल्यू झालेली मुलगी घरात असून हे झालं. म्हणून साखर असलेल्या, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असलेल्या बायांनी शेकाचा दिवा स्वतःच्या अंदाजाने लावू नये. नव्या एलईडी मशीनकडेही डोळे उघडे ठेवून बघू नये. न दिसणाऱ्या उजेडाला पापणी मिटत नाही, त्यामुळे धोका कळत नाही. गरोदर बाईने पोटावर-कमरेवर लावू नये, कर्करोगाच्या गाठीवर लावू नये. आणि लेकरांच्या हाती देऊ नये, हे वेगळं सांगायला नको.

विकत घ्यायचंच असेल तर? शरीरावर उपचारासाठी वापरायची उपकरणं 2020 पासून औषधांच्या कायद्याखाली आलेली आहेत. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक बघा. उजेड किती नॅनोमीटरचा ते लिहिलेलं हवं. लाल साधारण 630 ते 670, न दिसणारा 800 ते 860 च्या आसपास. नुसते लाल रंगाचे दिवे लावलेला पट्टा काही कामाचा नाही. पक्की पावती घ्या, परत घेण्याची मुदत लिहून घ्या. 'संधिवात मुळापासून जातो, साखर उतरते, गर्भाशयाचे विकार बरे होतात' अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. तसा कागद कोणी दिला तर फेकू नका, माझ्याकडे आणा. फसवणूक झाली तर ग्राहक मदतीचा क्रमांक 1915 आहे.

आता मावशींच्या आठ हजारांचं. माझं मत विचारलंत तर एकटीने कर्ज काढून घेऊ नये. व्याज तिच्या डोक्यावर आणि गुण अनिश्चित. त्याआधी फुकटातल्या दोन गोष्टी करून बघू. पहिली, खुर्चीवर बसायचं, एक पाय गुडघ्यात सरळ करून वर धरायचा, दहा अंक मोजायचे, खाली. दोन्ही पायांचं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो, आणि झिजलेल्या गुडघ्याला व्यायामाने फरक पडतो याचा पुरावा लाल दिव्यापेक्षा पक्का आहे. हसू नका, उठा, आत्ताच करून बघू. (सगळ्यांनी करून पाहिलं.) दुसरी, यंदाच्या वेचणीला ओटी कमरेऐवजी खांद्यावरून घ्यायची आणि अर्धी भरली की रिकामी करायची. बांधावर जायला वेळ जातो, किलो कमी भरतात, हे मला कळतं. म्हणूनच एकीने करून चालणार नाही, टोळीतल्या सगळ्या जणींनी मिळून शेतमालकाशी बोलायला हवं.

आणि दवाखाना. 2023 च्या 15 ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. व्यायाम आणि शेक शिकवणारे भौतिकोपचार तज्ज्ञ जालन्याला जिल्हा रुग्णालयात कोणत्या दिवशी भेटतात, ते मी विचारून ठेवते. ज्यांचं दुखणं तीन महिन्यांपेक्षा जुनं आहे त्यांनी आज नावं द्या, एकत्र रेल्वेने जाऊ. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत घ्या, म्हणजे काय खाल्लं ते त्यांना कळेल.

एवढं करूनही मशीन हवंच वाटलं, तर गटाच्या पैशातून एकच घेऊ. मान आणि गुडघा, एवढ्यालाच. वहीत रोज लिहायचं, आज दुखणं दहापैकी किती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा मारायच्या. तीन महिन्यांनी वही उघडून बघू. मावशींचा अर्ज तोपर्यंत माझ्याकडेच राहील, मी तो फाडलेला नाही. मशीन कोणाच्या घरी ठेवायचं यावर भांडण होणार, ते मला आत्ताच दिसतंय. ते आज नको, पाच वाजले, तुमची गाडी चुकेल. आधी नावं लिहून घेऊ.